पूरमदत कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी आवाहन

कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. दर वेळी सामान भरपूर आले, पण ते नीट वाटणारी माणसे कमी पडली. ट्रक हमरस्त्यालगतच्या गावातच रिकामे होतात. तिथे एका घरात चार-चार किट जातात, तर आत मळ्यातल्या वस्तीला, भाडेकरूंना आणि पालावरच्या कुटुंबांना हात हलवत राहावे लागते. यादी एकाच गटाच्या पुढाऱ्याने सांगितलेली असते. त्यावरून झालेली भांडणे पाणी ओसरल्यावरही गावात राहतात.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. मधल्या पाच फुटांत कुणाला काही शिकवता येत नाही. म्हणून मे महिन्यात सेवाभावी संस्था, मंडळे आणि बचतगटांतील ४० कार्यकर्त्यांचे तीन दिवसांचे निवासी शिबिर घ्यायचे आहे. त्यातल्या निम्म्या महिला असाव्यात असा आमचा आग्रह आहे, कारण छावणीतली बाई आपली अडचण पुरुष कार्यकर्त्याला सांगत नाही.

पहिला दिवस यादीचा. नोंद रेशनकार्डावर न करता चुलीवर करायची, कारण एका कार्डावर तीन चुली असतात आणि काहींकडे कार्डच नसते. यादी चावडीत मोठ्याने वाचायची, हरकतींसाठी एक दिवस द्यायचा, मगच टोकन. किटमध्ये काय आणि किती आहे हे वाटपाआधी फलकावर लिहायचे. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी, वृद्ध व गरोदर बायकांची रांग वेगळी. गर्दी रेटू लागली की वाटप थांबवायचे. ट्रकवरून वस्तू फेकायच्या नाहीत, तिथेच चेंगराचेंगरी होते. मदत फुकट आहे, तिच्या बदल्यात कुणी काहीही मागितले तर तक्रार कुठे करायची, हेही त्याच फलकावर असले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी छावणीचे गणित. मदतकार्यासाठी जगभर मानले जाणारे स्फिअर निकष सांगतात की माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी हवे. २० बाय २५ फुटांच्या वर्गखोलीत या हिशेबाने १३ माणसे मावतात. आपण तिथे ४० झोपवतो आणि मग खोकला, ताप, जुलाब पसरतात. ३०० जणांच्या छावणीला रोज ४,५०० लिटर पाणी लागते. सुरुवातीला ५० जणांमागे एक म्हणजे सहा संडास, आणि मुक्काम लांबला तर २० जणांमागे एक म्हणजे पंधरा. त्यात बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी) करायची आणि उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आहे ना, हे पाहायचे. गढूळ पाणी आधी निवळू द्यावे लागते, नाहीतर गाळच क्लोरीन खातो. ओल लागलेली पावडर तर निकामीच.

तिसरा दिवस कारभाराचा आणि नावेचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक यांच्यापैकी कोणाकडे काय मागायचे आणि पंचनाम्यात नाव सुटले तर अर्ज कसा करायचा, याचा सराव होईल. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली नाव उलटली. माणसे जिवाच्या भीतीने चढतात, म्हणून त्यांना मोजून थांबवणारा एक जण काठावर आधीच नेमलेला हवा. लाइफ जॅकेट नसलेल्याला नावेत घ्यायचे नाही.

शिबिरासाठी ४० लाइफ जॅकेट, क्लोरीन तपासण्याचे ८ क्लोरोस्कोप संच, ४ बाय ६ मीटरच्या १० ताडपत्र्या, दोरखंड, टोकनपुस्तके आणि नोंदवह्या हव्या आहेत. जेवण, छपाई व प्रशिक्षकांच्या प्रवासासाठी रोख देणगीही लागेल. मैदान आणि किमान चार खोल्या असलेली शाळा तीन दिवस देता आली तर मोठा भार हलका होईल. नर्सताई, निवृत्त तलाठी आणि नाव चालवणारे शिकवायला आले तर फार बरे. जुने कपडे मात्र पाठवू नयेत. ते निवडण्यातच माणसे अडकून पडतात.

दोन हजारांवरील देणगी धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, कारण त्याहून जास्त रोख रकमेवर ८०जी ची करसवलत मिळत नाही. परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही. त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या बांधवांची रक्कम स्वीकारता येणार नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मात्र बँकेमार्फत जरूर पाठवावी. वस्तू ३० एप्रिलपर्यंत कार्यालयात पोहोचवाव्यात. शिबिर संपल्यावर आठवडाभरात जमाखर्च सूचनाफलकावर लावला जाईल.