भरलेली दाढ पुन्हा का किडते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केज तालुक्यात मी दातांचा दवाखाना चालवतो. आमच्याकडची ऊसतोडीला जाणारी माणसं दसरा-दिवाळीच्या धांदलीत दाढ भरून घेतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, गावी आली की तीच दाढ धरून येतात. ‘डॉक्टर, मागच्या साली तर भरली होती की!’ एकदा भरली म्हणजे दाढ कायमची बरी झाली, हा समज इतका पक्का आहे की ठणका लागेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही.

ही दुसऱ्यांदा लागणारी कीड बहुतेक वेळा दोन दाढांच्या मधे, हिरडीलगत, भरलेल्या मसाल्याच्या काठाशी सुरू होते. वरून सगळं शाबूत दिसतं. काठावर एक तपकिरी रेघ असते, हत्याराचं टोक तिथं रुततं आणि एक्स-रे काढला की खाली काळी सावली दिसते. दातांच्या रंगाचं कंपोझिट (दाढ भरायचा एक मसाला) निळ्या प्रकाशानं घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. त्यातून भरताना लाळ किंवा रक्त लागलं, तर ते नीट चिकटतही नाही. मग त्या फटीत जंतूंचा थर बसतो आणि साखरेपासून आम्ल तयार करतो. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (जितका कमी तितकं आम्ल जास्त), 5.5 च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. आतला भाग तर त्याच्याही आधी. फडात दिवसभर थोड्या थोड्या वेळानं गोड चहा होतो, त्यामुळे दाताला सावरायला उसंतच मिळत नाही.

यावर उपाय म्हणून जंतू मारणाऱ्या मसाल्याची चर्चा होते. जपानमध्ये सातोशी इमाझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात एमडीपीबी हे रसायन विकसित केलं. ते मसाल्यातल्या रेझिनमध्येच (घट्ट होणाऱ्या राळेत) बांधलेलं राहतं, झिरपून संपत नाही आणि अंगाला टेकलेले जंतू मारतं. काम मोलाचं आहे. पण लाळेचा आणि मेलेल्या जंतूंचा थर साचला की त्यावर बसणाऱ्यांपर्यंत ते पोचत नाही. कंपोझिटमध्ये अशी द्रव्यं घातल्यानं रुग्णांच्या तोंडात कीड खरंच टळते का, हे तपासायला बसलेल्या 2013 च्या कोक्रेन आढाव्याला (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा) निकषात बसणारा एकही अभ्यास मिळाला नव्हता. म्हणून निव्वळ त्या नावावर जादा पैसे मोजू नयेत, असं मी रुग्णांना स्पष्ट सांगतो.

त्यापेक्षा हाताशी असलेलं ग्लास आयनोमर सिमेंट आमच्या भागाला जास्त उपयोगी आहे. 1972 पासून ते जगाला माहीत आहे. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, फ्लोराइड सोडतं, आणि वीज नसतानाही नुसत्या हत्यारांनी कीड काढून भरता येतं. चावण्याच्या जोरानं ते लवकर झिजतं, हे खरं. मोठ्या खड्ड्याला ते पुरत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, सोबत फ्लोराइडची टूथपेस्टही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे दाढेत भरायची पाऱ्याची चांदी मागे पडत असताना हा पर्याय आणखी महत्त्वाचा आहे.

बीड-नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, म्हणून लोक पेस्टलाही भितात. तिथं खरं काम पिण्याचं पाणी बदलण्याचं आहे. पेस्ट गिळायची नसते. लहान मुलांना अगदी थोडी द्यावी आणि थुंकायला लावावी. मिश्रीनं मात्र किडीपासून काहीच संरक्षण मिळत नाही, उलट तोंडात तंबाखू जातो.

माझी मागणी साधी आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या दंत विभागात ग्लास आयनोमर बारमाही मिळावं. टोळ्या निघण्याआधी तालुक्यात दातांची तपासणी व्हावी आणि त्यात आधी भरलेल्या दाढांचे काठ आवर्जून बघावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांचे दात तपासले जातात, पण आईबापांबरोबर फडावर गेलेलं मूल त्या दिवशी शाळेत नसतं. त्यांची तपासणी कारखान्याच्या तळावर करावी. आरोग्य विभागानं यंदाच्या हंगामाआधी एवढं ठरवावं, ही विनंती.

आपला,
एक दंतचिकित्सक, केज, जि. बीड