कीटकभक्षी झाडांची हिवाळी झोप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात, हिवाळ्यात कीटकभक्षी झाडे घरात उबेला आणावीत आणि त्यांना किडे भरवत राहावे, असा सरसकट सल्ला वाचला. घटपर्णीसारख्या उष्ण प्रदेशातील झाडांना ऊब हवीच. परंतु व्हीनस फ्लायट्रॅप (मिटणाऱ्या पानांच्या सापळ्यात किडे पकडणारे झाड) आणि सरासेनिया (नळीसारख्या पानांत किडे पकडणारे झाड) यांना हिवाळ्यात झोपू दिले नाही, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती घेऊ दिली नाही, तर ती वर्षा-दोन वर्षांत खंगत जातात आणि बहुधा मरतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांच्या किनारपट्टीलगतच्या पाणथळ भागातला. तिथे हिवाळा थंड असतो. दिवस लहान होऊन रात्री गार पडू लागल्या, की त्याची नवी पाने आखूड निघतात, सापळे मिटेनासे होतात आणि जुनी पाने टोकाकडून काळी पडत जातात. नेमके हेच पाहून माणसे घाबरतात, खत घालतात किंवा कुंडीच टाकून देतात. माझे पहिले झाड मीही असेच मेले समजून फेकले, याची हळहळ अजून वाटते. दुसऱ्याच्या वेळी मात्र वरचे शेवाळ बोटाने अलगद बाजूला केले, तेव्हा काळ्या पानांच्या मधोमध पांढरा, टणक कंद आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा कोंब दिसला. कंद टणक असेल तर झाड जिवंत आहे. मऊ पडून कुजका वास येऊ लागला, तरच आशा सोडावी.

या झोपेसाठी सुमारे 3 ते 4 महिने 0 ते 10 अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे तापमान उत्तम. या काळात किडे भरवणे बंद करावे (खत तर या झाडांना कधीच घालू नये). एरवी कुंडीखालच्या ताटलीत उभे ठेवलेले पाणी काढून टाकावे आणि माती केवळ ओलसर राहील इतकेच पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी द्यावे, कारण थंडी आणि साचलेले पाणी एकत्र आले की करडी बुरशी धरते. त्याच कारणाने पूर्ण काळी झालेली पाने कापावीत. हिरवी मात्र राहू द्यावीत, विशेषतः सरासेनियाची, कारण ती थंडीतही झाडाला थोडेफार अन्न पुरवतात. जिथे पुरेशी थंडी पडत नाही, तिथे मुळे धुऊन, ओलसर स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून झाड फ्रिजमध्ये ठेवता येते. मात्र अधूनमधून पिशवी उघडून बुरशी आली नाही ना, हे पाहावे लागते.

थंड प्रदेशातील दवबिंदू (ड्रॉसेरा, पानांवरील चिकट थेंबांनी किडे पकडणारे झाड) तर हिवाळ्यात घट्ट मिटलेल्या कळीएवढाच उरतो, आणि कुंडी रिकामी समजून टाकली जाते.

थंडी सुरू होण्यापूर्वी कोणत्या झाडाला ऊब लागते आणि कोणत्याला गारवा, हा फरक आपल्या सदरात स्पष्ट करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक