काजळच्या भुवया दिसल्या त्या तुमच्यामुळे, काका

काका, नमस्कार.

हे समोर बसून बोलले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आमच्या फोस्टरवाल्या (भटक्या कुत्र्यांना नवं घर मिळेपर्यंत घरी सांभाळणाऱ्या) मैत्रिणी सारख्या विचारतात की काळ्या कुत्रीचा, आमच्या काजळचा, इतका स्पष्ट फोटो चाळीतल्या खोलीत, फ्लॅशशिवाय, आला कसा? तर त्याचं उत्तर आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर राहतं: तुम्ही, आयुष्यभर लग्नं-मुंजींचे फोटो काढलेले काका. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काजळ लालबाग मार्केटच्या मागच्या गल्लीतली. मागच्या पायाला लागलं होतं, परळच्या प्राण्यांच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले आणि पूर्ण बरी होईपर्यंत आमच्याकडे राहिली. गुणी पोर, पण अंगानं काळीकुळकुळीत, आणि फोनवर काढलेल्या फोटोत सतरंजीवर काहीतरी काळं सांडलंय असं वाटायचं. फ्लॅश मारला तर त्या काळ्यात दोन हिरवे डोळे, बास. अडॉप्शनची पोस्ट टाकली की बाकीच्या पिल्लांसाठी फोन यायचे आणि हिच्याबद्दल कोणी विचारायचंच नाही, आणि मला इतकं वाईट वाटायचं कारण घरी येऊन तिला बघितलेला प्रत्येक माणूस तिच्या प्रेमात पडत होता. कॅमेरा घेतला तो त्यासाठीच, दिवाळी बोनसमधून.

आणि कॅमेरा घेतल्यावरही फोटो तसेच यायला लागले तेव्हा गॅलरीतून जाताना तुम्ही दारात थांबलात.

तुम्ही कॅमेरा बघायला मागाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "ट्यूब बंद कर." दिवसाउजेडी ट्यूब कशाला, खिडकीचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा, कुत्रीचा एक गाल निळा दिसणार आणि एक हिरवट, मग कॉम्प्युटरवर कितीही रंग फिरव. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण शटर (फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा) १/१०० सेकंदापेक्षा जलद ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, आणि सायलेंट शटर (आवाज न करणारं, इलेक्ट्रॉनिक) लावलं तर आडवे पट्टे. मी ते पट्टे बघून कॅमेरा खराब निघाला असं समजून दुकानात परत द्यायला निघाले होते काका! तुमचं ते एक वाक्य आलं नसतं तर खरंच गेले असते.

मग तुम्ही सतरंजी ओढून दाराशी आणलीत. आपल्या खोल्या सगळ्या अशाच, गॅलरीच्या बाजूला दार आणि खिडकी, मागे मोरी आणि ओटा, मध्ये सगळा अंधार. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बघून मला शटरचा आकडा बोलायला लावलंत, खिडकीशी १/२५०, कपाटाजवळ १/३०, तेवढ्याच आयएसओला (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), तेवढ्याच ॲपर्चरला (लेन्सचं भोक किती उघडं ते). चार पावलांत आठपट फरक! मी तोपर्यंत कपाटाजवळच फोटो काढत होते कारण तिथे बॅकग्राउंड नीट दिसायचं. "लेन्स नंतर घे, आधी खिडकी वापर," हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येक नवीन माणसाला सांगते आणि तुमचं म्हणूनच सांगते.

आयएसओची भीतीही तुम्हीच घालवलीत. मी ४०० च्या वर जायला तयार नव्हते, सगळीकडे वाचलेलं की फोटोत दाणे येतात. तुम्ही म्हणालात की ४०० च्या रोलवर लग्नंच्या लग्नं काढली, दाणे दिसले म्हणून एकाही नवरीनं अल्बम परत पाठवला नाही, हललेला फोटो मात्र कोणी ठेवून घेत नाही. कुत्रं बसलेलं असलं तरी त्याचं डोकं सतत हलतं, कान हलतात, धापा टाकताना अख्खं अंग हलतं, म्हणून शटर १/२५० पेक्षा हळू ठेवायचं नाही, खेळत असेल तर १/५००, आणि मग आयएसओ १६०० होवो की ३२००, होऊ दे.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते काळ्या रंगासाठी. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, त्यामुळे काळं कुत्रं फ्रेमभर आलं की त्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवत सुटतो, मग काजळ राखाडी दिसते आणि मागची भिंत पांढरीफटक. ती काळी आहे म्हणून मी अजून उजेड वाढवत होते, तुम्ही उलट एक्सपोजर मायनस एकवर, म्हणजे उजेड निम्म्यावर, न्यायला लावलंत. पटेना मला. तेव्हा तुम्ही वर जाऊन एक जुना अल्बम घेऊन आलात, नवऱ्यामुलाचा काळा सूट आणि त्या सुटाची प्रत्येक घडी दिसतेय. म्हणालात, "काळ्याचा रंग दिसत नसतो, त्याच्यावरची चकाकी दिसते. उजेड समोरून नको, बाजूनं येऊ दे."

बाजूनं. खिडकी तिच्या डाव्या खांद्याशी येईल अशी बसवली, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या दोरीवर घरातली पांढरी चादर टाकली म्हणजे उजेड परत येऊन उजवा गाल अगदीच बुडणार नाही, आणि व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर काका, तिच्या डोळ्यांवर दोन भुवया! बारीक, तपकिरी, मधाच्या रंगाच्या. एवढे दिवस मी तिला रोज जेवायला घालत होते, अंग पुसत होते, आणि त्या भुवया मला कधी नीट दिसल्या नव्हत्या. डाव्या भुवईला मध्ये एक खाच आहे, बहुतेक कुठल्यातरी भांडणातली. आणि डोळ्यात खिडकी, गजांसकट. डोळ्यात तो खिडकीच्या उजेडाचा ठिपका असल्याशिवाय क्लिक करायचं नाही ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

बरं, तुम्ही काय कुत्र्यांचे फोटोग्राफर नाही, हे तुम्हीच दहादा सांगितलंत. आयुष्यभर पासपोर्ट, मुंजी, बारशी. पण लहान मुलांचे फोटो काढलेला माणूस कुत्र्यांना कसा कळतो हे मी बघितलं. काजळ जीभ नाकावरून फिरवायची, मग जांभई द्यायची, आणि मला ती झोपाळलीये असं वाटायचं. तुम्हीच म्हणालात, पोरगी कंटाळली नाहीये, घाबरलीये, तो काचेचा मोठा डोळा तिच्यावर रोखलायस तू. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं, ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी नको म्हणायची भाषा. मग बरेच दिवस फोटोच काढले नाहीत, कॅमेरा नुसता लादीवर ठेवला, तिनं हुंगला, बिस्किट. बटण दाबलं, आवाज झाला, बिस्किट. असं करत करत एक दिवस ती स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

आणि ती डब्याची ट्रिक! मी सारखी "काजळ, काजळ" करत होते आणि ती ढिम्म. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून स्टीलच्या डब्यावर नख वाजवलंत, एकदाच, टिक्. दोन्ही कान उभे, मान तिरकी, कपाळावर आठी. तोच फोटो पोस्टमध्ये गेला. परत वाजवू का विचारलं तर नाही म्हणालात, नवीन आवाज एकदोनदाच चालतो, मग त्यांना कळतं की नुसता आवाजच आहे.

लादीवर पालथं पडायला लावलंत ते पण लिहायला हवं. फोटोग्राफर एलियट अर्विटचा तो १९७४ चा न्यूयॉर्कचा फोटो दाखवलात, टोपी घातलेली एवढीशी चिहुआहुआ, शेजारी बाईचे बूट आणि पलीकडे उंचपुऱ्या ग्रेट डेन कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा किती खाली आहे बघ म्हणालात. माणसाच्या उंचीवरून काढला की कुत्रं बिचारं दिसतं, त्याच्या उंचीवरून काढला की ते कोणीतरी आहे असं दिसतं. मी आता घरी जुना टॉवेल ठेवलाय कोपराखाली घ्यायला.

लेन्सचं तर राहिलंच. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), एफ १.८ च्या लेन्समधून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड येतो, हे गणित समजावून झाल्यावरच तुम्ही बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत माझ्याबरोबर आलात. आणि ५० मिमीची हवी होती मला, सगळे तीच सांगतात, पण आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स म्हणजे अख्खं कुत्रं मावायला भिंतीला पाठ लावावी लागणार, म्हणून ३५ ची. पहिली सेकंडहँड लेन्स मला एकदम नवीन वाटली होती. तुम्ही मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारलात आणि कडेला ते बारीक पांढरे धागे दाखवलेत. बुरशी. मुंबईत लेन्स वापरून खराब होत नाही, पावसाळ्यात कपाटात ठेवून होते, म्हणून आता माझी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असते आणि जेलचे दाणे रंग बदलले की बदलते. दुसऱ्या दुकानातली घेतली, ती मस्त आहे. जवळून काढताना एफ १.८ ला जेमतेम तीनेक सेंटिमीटर शार्प येतं, म्हणजे डोळा धरला की नाक गेलं, आणि आपल्या देशी कुत्र्यांची तोंडं लांब, म्हणून मी २.८ किंवा ४ वर ठेवते आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. बरोबर करतेय ना?

काका, एवढ्या सगळ्यात तुम्ही एकदाही कॅमेरा माझ्या हातातून घेतला नाहीत. तुम्ही दोन मिनिटांत काढला असतात तो फोटो, मला माहितीये. गुडघे दुखत असताना जिने उतरून यायचात आणि खुर्चीत बसून "आता काय दिसतंय?" एवढंच विचारायचात, आणि मी चुकीचं काही बोलले तरी "अजून बघ" म्हणायचात. इतक्या शांतपणे मला आजवर कोणी काही शिकवलेलं नाही. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

काजळ डोंबिवलीला गेली हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या ताईंचा पहिला फोन आला तेव्हा त्या काय म्हणाल्या ते सांगायचं राहिलं होतं. म्हणाल्या, "ती भुवयांवाली अजून आहे का?" काळी नाही म्हणाल्या, भुवयांवाली म्हणाल्या. मी फोन ठेवून आधी रडले आणि मग तुमच्याकडे पेढे घेऊन आले, तेव्हा बोलता आलं नाही.

आता शनिवारी शिवडीहून एक पिल्लू येतंय, पूर्ण पांढरं, एक कान फक्त बदामी. मीटरचं लॉजिक उलटं धरलं तर पांढऱ्याला प्लस करायचं असणार, पण किती? आणि दुपारचं ऊन थेट सतरंजीवर येतं तेव्हा पातळ पडदा लावू की सरळ चारनंतर काढू? शनिवारी वेळ असेल तर या खाली. काकूंनाही घेऊन या, पोहे आमच्याकडे.

तुमची,
पहिल्या माळ्यावरची