चिमुकल्यांची मूठ सोडवण्याआधी

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या चार वर्षांच्या नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात झालं. सकाळी सातला बोलावलं, नंबर लागला सव्वाअकराला. वॉर्डातले मामा ट्रॉली घेऊन आले, "चला बाळा, आईला टाटा कर." पोरानं आईची ओढणी दोन्ही मुठींत घट्ट धरली. शेवटी मीच त्याची बोटं एकेक करून सोडवली. ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, दार लागल्यावरही "आजी, मला नाही जायचं" ऐकू येत होतं.

मी स्वतः मुंबईतल्याच एका रुग्णालयाच्या ओटीत तीस वर्षं परिचारिका होते. अशा किती मुठी सोडवल्या असतील! तेव्हा तो कामाचाच भाग वाटायचा, याचं आज फार वाईट वाटतं.

ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोरगं शुद्धीवर आलं ते हातपाय झाडतच, सलाईनची सुई उपटून काढली. आता रात्री अंथरूण ओलं करतं. परवा केस कापायला नेलं, तर सलूनवाल्यानं पांढरं कापड झटकताच खुर्चीखाली जाऊन बसलं. भेदरलेल्या अवस्थेत भूल दिलेल्या मुलांत असले त्रास जास्त दिसतात, हे भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. एक ते पाच वर्षांची मुलं तर सगळ्यांत जास्त घाबरतात. समजावून सांगावं तर कळत नाही आणि आई दूर जातेय एवढं मात्र नेमकं कळतं.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. माझ्या नोकरीत एक भूलतज्ज्ञ मॅडम होत्या. मुलाचं वजन बघून, किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम या हिशेबानं, मिडाझोलाम हे गुंगीचं औषध चमचाभर साखरपाण्यातून पाजायला लावायच्या. औषध भलतंच कडू, निम्मी मुलं तोंड वाकडं करत. पण वीसेक मिनिटांत डोळे जड व्हायचे, मान आईच्या खांद्यावर टेकायची आणि मूल माझ्या कडेवर न रडता यायचं. दाराशी झालेली ताटातूट पुष्कळांना नंतर आठवतही नसे. आता डेक्समेडेटोमिडीन हे दुसरं गुंगीचं औषध नाकात थेंब टाकूनही देतात. ते कडू लागत नाही, मात्र अंमल चढायला अर्धापाऊण तास लागतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? माझ्या अनुभवात खरी अडचण वेळेची. "पुढची केस पाठवा" असा निरोप आल्यावर औषध देऊन उपयोग नाही, ते आधीच पोटात जायला हवं. आणि आधी द्यावं, तर कधी अगोदरची केस लांबते आणि अंमल उतरू लागतो. औषध दिलेलं मूल चालवायचं नसतं, एकटं सोडायचं नसतं. बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन आणि नजर न हलवणारी एक सिस्टर लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात औषध देऊन लिफ्टची वाट बघत बसणं धोक्याचं. म्हणून ओटीला लागून एक खोली आणि तिथं एक माणूस, एवढी सोय रुग्णालयांनी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लहान मुलांचे नंबर सकाळी पहिले लावले तर निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. शिवाय मध्यरात्रीपासून पाणीही तोडायची गरज नसते. घन आहार आणि वरचं दूध सहा तास, अंगावरचं दूध चार तास बंद असलं, तरी साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तहानलेलं मूल आधीच रडकुंडीला आलेलं असतं.

आईबापांनाही सांगते, हे औषध सरसकट सगळ्यांना नाही. टॉन्सिलमुळे मोठ्यानं घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना ते जपूनच देतात, कधी देतही नाहीत. घरून झोपेचं किंवा सर्दीचं सिरप पाजून तर मुळीच आणू नका. मूल घोरतं का, सर्दी आहे का, मागच्या वेळी काय झालं, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा आणि "आधी काही देणार का?" असं स्पष्ट विचारा. आम्ही विचारलं नाही. मी तीस वर्षं ओटीत काढूनही विचारलं नाही.

नातवाच्या दुसऱ्या बाजूलाही हर्निया निघाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलंय, या वेळी दुसरीकडे. तिथल्या भूलतज्ज्ञांना मी भेटून आले. त्यांनी वजन विचारलं, पंधरा किलो. पहिला नंबर त्याचाच लावलाय आणि ओटीच्या दारापर्यंत त्याला आईच कडेवर नेणार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई