बुधवारी सकाळी दहा वाजता

म्हापसा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोन केला की बाबा "आईशी बोल" म्हणून तो पुढे करतात, आणि आई "जेवलीस का?" विचारून ठेवून देते. म्हणून लिहितेय. आधी मुख्य गोष्ट सांगते: तुमचं नाव नोंदवून झालंय. येत्या बुधवारी दहा वाजता दोघांनी आपल्या आरोग्य केंद्रात समुपदेशक ताईंकडे जायचंय, बाबांचं गप्प गप्प राहणं आणि आईची झोप यांबद्दल बोलायला. गुरुवार मुद्दाम टाळला, आईचा उपास असतो. न विचारता ठरवलं हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर "पावसाळा संपू दे" म्हणाला असतात, आणि बापूकाकांच्या वेळी आपण असेच पावसाळे संपू दिले.

मी स्वतः हेच काम करते, मग मीच का नाही, असं आई म्हणेल. मुलीसमोर बाबा "बरा आहे" एवढंच म्हणणार, आणि ते खरं मानायचा मोह मला होणार. परक्या माणसासमोर बोलणं सोपं जातं.

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात का नाही नेलं? केंद्रात बाबांचा बीपीचा केसपेपर आहे. बाकावर तुम्ही गोळ्यांसाठी बसलात की बोलण्यासाठी, ते कुणाला कळत नाही. शिवाय डॉक्टर आणि समुपदेशक तिथे एकाच रुग्णाबद्दल एकमेकांशी बोलतात. थायरॉइड मंद झालं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गप्प होतो, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ आधी बघा असं मी सांगून ठेवलंय.

पहिल्या दिवशी नऊ प्रश्न विचारतील, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट लक्ष द्यायचं, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांचा असतो. तो सगळ्यांनाच विचारतात, आई, दचकू नकोस. आणि बाबा, तिथे खरं ते सांगा. बाकी गुण कितीही कमी आले तरी त्या एका 'हो'साठी डॉक्टर तुम्हाला त्याच दिवशी भेटतील.

गडबड होते ती इथेच: नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बायको देते. आई, तू हे करणार, मला माहीत आहे. म्हणून ते प्रश्न बाबांना एकट्यानं, तुला वेगळे. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत दोघांना एकत्र बसवतील, जमलं तर दादालाही. तेव्हा कागदावर तीन पिढ्यांचं घर काढतात, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर फुली. बापूकाकांवरची फुली काढताना बाबा उठून पडवीत जातील. जाऊ देत. ताई थांबतील. त्यांना दोषी शोधायचा नसतो, घरात फिरणारा फेरा शोधायचा असतो. आई विचारते, बाबा गप्प होतात, आईचा आवाज चढतो, बाबा आणखी गप्प, आई न जेवता झोपते. यात चूक कुणा एकाची नाही गं. फेरा एका जागी तुटला तरी पुरतं.

याचा उपयोग होतो का, हे बाबा विचारणारच. इथे गोव्यातल्या सरकारी दवाखान्यांत साठीच्या पुढच्या १८१ जणांवर हे करून पाहिलंय, २०१९ साली ते छापून आलं. सगळ्यांना उदासीची सुरुवात होती. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. वर्षभरात त्यांच्याकडे गेलेल्या ९१ पैकी ४ जणांना पुरतं नैराश्य आलं, न गेलेल्या ९० पैकी १३ जणांना. त्यात शिकवायचे ते अडचण सोडवायचे टप्पे: एकच अडचण घ्यायची, सुचतील ते सगळे उपाय नावं न ठेवता लिहायचे, त्यातला एक निवडून आठवडाभर करायचा, मग बघायचं. "जमिनीचं काय होणार" ही अडचण फार मोठी आहे, तिचा तुकडा पाडावा लागतो. "सोमवारी तलाठ्याकडून सातबारा आणायचा" एवढाच.

आई, तुझी झोप. नऊला आडवी होतेस आणि दोनपर्यंत कौलं मोजतेस. ताई आठवडाभर झोपेची वही लिहायला लावतील. पाच तास झोप होत असेल तर अंथरुणात सहाच तास राहायचं, त्याहून कमी नाही. म्हणजे रात्री साडेअकराला पडायचं, पहाटे साडेपाचला उठायचंच. झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. पहिला आठवडा दिवसा डुलक्या येतील, आणि तिथेच लोक सोडून देतात. सोडू नकोस. मेडिकलमधून आणलेली ती झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना दाखव. रात्री उठताना तिच्यामुळे तोल जाऊ शकतो. पण स्वतःहून एकदम बंद करू नकोस, त्यानंही त्रास होतो.

बाबा, तुमची पेटी. मन लागलं की काढीन म्हणता, पण मन बहुतेक वेळा नंतर येतं. संध्याकाळी साडेसहाला दहा मिनिटं, भाता हलवला तरी चालेल. मला मांडीवर बसवून काळी चार शिकवायचात, तेवढीच.

आता ऐका. उपाशी जाऊ नका, पेज घेऊन निघा. बीपीची गोळी चुकवायची नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घ्या, बाबांचं कानाचं यंत्र नव्या सेलसकट. शेजारच्या वहिनींचा मुलगा साडेनऊला रिक्षा आणेल, पैसे देऊन झालेत. दर आठवड्याला साधारण अर्धा-पाऊण तास, सहा ते आठ भेटी. दोन भेटींत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. बोललेलं बाहेर जात नाही, २०१७च्या कायद्यानंच तसं बंधन आहे. जिवाला धोका असण्यासारखे थोडेच अपवाद. रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ लावा, टेली मानस, फुकट आहे, मराठीतही बोलतात. नंबर फोनजवळच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आई.

ताई पटल्या नाहीत तर मला सांगा, दुसऱ्या बघू. मी रागावणार नाही. बुधवारी दुपारी फोन करते, तेव्हा काय बोललात ते विचारणार नाही. रिक्षा वेळेवर आली का, एवढंच विचारीन.

तुमची,
मनू