प्लॅन वाढवण्याआधी वायर लावून मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दूरध्वनी खात्यात मी ३१ वर्षे टेलिफोन मेकॅनिक होतो. डीपी बॉक्सपासून (गल्लीतल्या टेलिफोनच्या जोडपेटीपासून) लोकांच्या दिवाणखान्यापर्यंत वायर ओढण्यात आणि पावसाळ्यात भिजलेले जोड सोडवून पुन्हा बांधण्यात उमर गेली. फॉल्ट शोधताना आमचा एक नियम असे : आधी घराच्या तोंडाशी लाइन तपासायची, मग आत शिरायचे. बाहेर डायल टोन स्वच्छ मिळाला की दोष घरातला. घरोघरी फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून येणारे इंटरनेट, पोहोचवणारे आज हा नियम पाळत नाहीत आणि त्याचे पैसे ग्राहक भरतो, म्हणून हे पत्र.

माझी सून घरून हिशेबाचे काम करते. तिचे टेबल मागच्या खोलीत आहे. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा, फाइल निम्मी चढून अडकायची. एका महिनाअखेरीला ती मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसलेली मला दिसली. इंटरनेट कंपनीला तीनदा फोन केले. तिन्ही वेळा उत्तर एकच : १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचा) प्लॅन पुरत नाही, २०० चा घ्या. घेतला. दरमहा ३०० रुपये जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी. मागच्या खोलीतला वेग मात्र होता तेवढाच राहिला, १४ एमबीपीएस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुन्हा तक्रार केल्यावर एक मुलगा आला, राउटरसमोर उभे राहून त्याने स्वतःच्या मोबाइलवर १९६ चा आकडा दाखवला आणि ‘स्पीड येतोय, काका’ म्हणत सही घेऊन गेला. आकडा खोटा नव्हता. पण सून मोबाइलवर काम करत नाही आणि राउटरसमोर उभी राहूनही करत नाही.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच बसलो. लॅपटॉप हॉलमध्ये आणला, राउटरच्या खोक्यात आलेली वायर दोन्हीकडे खोचली, वाय-फाय बंद केले आणि मोजले. ९४. पुन्हा मोजले, पुन्हा ९४. मोबाइलवर १९६ आणि वायरवर ९४, हे मला पटेना. वायरचा पारदर्शक प्लग उजेडाकडे धरला तेव्हा उलगडा झाला. आत आठ तारांऐवजी चारच होत्या. टेलिफोनला दोन तारांची एक जोडी पुरते. १०० एमबीपीएसला दोन जोड्या लागतात आणि त्यापुढे जायचे तर चारही. चार तारांची वायर १०० च्या पुढे जाणे शक्यच नाही, आणि प्रत्यक्षात हाती ९४-९५ च लागतात. साडेतीनशे रुपयांची आठ तारांची वायर आणली, आकडा १९० च्या वर गेला. काही स्वस्त राउटरची आणि जुन्या लॅपटॉपची वायर खोचायची खाचच १०० ची असते. तिथे वायर बदलूनही फरक पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणजे लाइन चांगली, दोष वाय-फायचा. लॅपटॉप पुन्हा मागच्या खोलीत नेला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आपल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडल्या की खाली ‘नेटवर्क बँड’ अशी ओळ दिसते. तिथे २.४ गिगाहर्ट्झ होते. बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा; राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही पट्ट्यांवर बोलतो. ५ चा वेग मोठा, पण भिंती त्याला सोसत नाहीत. २.४ लांब पोहोचतो, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हन आहे आणि साऱ्या शेजाऱ्यांचे राउटरही आहेत. आमच्या घरी राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला, आणि तो व मागची खोली यांच्यामध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. लॅपटॉपला ५ चा सिग्नल नीट मिळत नव्हता, म्हणून तो २.४ ला चिकटून होता.

त्याहून नवल पुढे आहे. सुनेच्या लॅपटॉपला निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क कायम लावलेली असते. ती काढली तर १४ चे ३१ झाले. लावली की पुन्हा १४-१५. मला वाटले योगायोग, म्हणून पाच वेळा करून पाहिले. यूएसबी ३ च्या वायरीतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, असे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. आमच्याकडे आलेल्या एकाही माणसाने टेबलावर काय काय जोडले आहे, हे पाहिले नाही.

मग राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमध्ये, दाराच्या चौकटीच्या उंचीवर बसवला. त्यासाठी लांब पॅच कॉर्ड, म्हणजे राउटरपर्यंत येणारी फायबरची बारीक दोरी, लागली. वाचकांनी ही कॉर्ड खिळ्यावरून काटकोनात वळवू नये. तांब्याची तार कशीही मुडपली तरी बोलायची, फायबर मुडपले की त्यातला प्रकाश वळणावरच गळतो. त्याच दिवशी लॅपटॉपने ५ चा पट्टा धरला आणि मागच्या खोलीत १६० च्या पुढे वेग आला.

हे कळल्यावर इमारतीतले शेजारी येऊ लागले. १६ घरांत मोबाइलच्या अ‍ॅपवर १९ वाय-फाय दिसत होते. २.४ च्या पट्ट्याचे चॅनेल म्हणजे कप्पे असतात; त्यांत एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. कुणी ३ वर, कुणी ९ वर बसून दोन्हीकडच्यांना त्रास देत होता. ज्यांनी होकार दिला त्यांचे राउटर मजल्यांप्रमाणे १, ६, ११ वर लावून दिले. दोघांची तक्रार ही तक्रारच नव्हती : प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना संगणक मेगाबाइट दाखवतो. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर वेग पुरा मिळतो आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, हे चांगलेच झाले. पण घराच्या आत काय मिळते ते कोण मोजणार? माझी दूरसंचार नियामकांकडे (ट्राय) आणि सर्व कंपन्यांकडे मागणी आहे. जोडणी देताना ग्राहकाच्या पावतीवर दोन आकडे लिहून द्यावेत, एक वायर लावून संगणकावर मोजलेला आणि दुसरा ग्राहक जिथे बसतो तिथला, पट्ट्यासह. आणि वेगाची तक्रार आली की वायरवरची चाचणी झाल्याशिवाय मोठा प्लॅन विकण्यास मनाई असावी. वाचकांनीही तक्रार करताना डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्यावा. त्याशिवाय कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही, आणि ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही.

सूनबाईंचा प्लॅन आम्ही पुन्हा १०० वर आणला आहे. मागच्या खोलीत ९५ मिळतात.

— एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, विश्रामबाग, सांगली