मागच्या खोलीत आठ रात्री

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘भुताचा सिनेमा’ एवढं ऐकलंत आणि दोघंही गप्प झालात, म्हणून नीट लिहून पाठवते. यात भूत नाही. एमडी ओढणारा एक मुलगा आहे आणि कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असं त्याला वाटतं. चाळीस मिनिटं, तीन नट, एक खोली. ती खोली म्हणून जानेवारीत आपली मागची खोली आठ रात्री हवी आहे. हो-नाही सांगण्याआधी तिथे काय काय होणार ते वाचा.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, पांढरट भुकटी. २०१५पासून ती अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. २०२३च्या ऑक्टोबरात आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात तिचा कारखानाच पकडला गेला तेव्हा बाबा आठवडाभर पेपरातली तीच बातमी वाचत होते, त्यामुळे नाशिकमध्ये हा विषय कशाला, असं तुम्ही विचारणार नाही. एमडीने झोप आणि भूक उडते, छाती धडधडते, जबडा आवळला जातो, दात करकरतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. सलग दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही की संशय सुरू होतो. मनात पाल चुकचुकते म्हणतो ना आपण, तशी ती चुकचुकते आणि थांबायचं नाव घेत नाही. शेजारच्यांचा खोकला ही खूण वाटते. गल्लीत लावलेली दुचाकी साध्या वेशातल्या पोलिसाची वाटते. कातडीखाली किडे वळवळतायत असं वाटून माणूस हात खाजवून सोलून काढतो, फोन उघडून आत काय बसवलंय ते शोधतो, आरशावर टॉवेल टाकतो. यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीने तर्काला धरून असते. संशय आधी ठरलेला असतो, पुरावे मागाहून गोळा होतात. पटकथा त्याच क्रमाने लिहिली आहे.

सिनेमावाले इथेच घोळ घालतात. कुठलीही नशा दाखवायची असली की एकच मसाला: लाल डोळे, थरथरते हात, भिंतीतून येणारे चेहरे. ब्राऊन शुगरवाल्याला ती मिळाली नाही की जांभयांवर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात पिळे. तो भिंतीत कॅमेरे शोधत बसत नाही. दारू एकदम सुटलेल्याला नसलेले किडे-प्राणी दिसतात, पण ते साधारण दोन ते चार दिवसांनी, घाम आणि कापऱ्यासकट, आणि त्याला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम, झोपेच्या गोळ्यांच्या घरातली. तिने माणूस सुस्त होतो, बरळतो. आणि रोजची सवय एकदम तोडली तर फिट येऊ शकते. हे सगळं एकाच पात्राच्या अंगावर घातलं की ज्यांनी असं माणूस जवळून पाहिलंय ते पाचव्या मिनिटाला हसतात. आमच्या मुलाला फक्त एमडीचीच लक्षणं दिली आहेत.

आता भीती कशी आणायची. पैसे नसतात तेव्हा लोक अंधार करतात आणि मोठा आवाज टाकतात. त्याने दचकायला होतं, संशय येत नाही. संशयासाठी घरातल्याच वस्तू थोड्या चुकवायच्या. दाराबाहेर पहिल्या दृश्यात चपलांचे दोन जोड. बाराव्या मिनिटाला तीन. पंचविसाव्याला पाच, आणि घरात माणूस एकच. त्यावर कॅमेरा थांबत नाही, कुणी बोलत नाही. तो दार उघडतो तेव्हा कडेला दिसतात तेवढंच. ज्याच्या लक्षात येईल त्याच्या पोटात खड्डा पडेल, ज्याच्या येणार नाही त्यालाही काहीतरी बिनसलंय एवढं जाणवेल. तसंच कपाटाचं. लोखंडी कपाट दर रात्री दहा सेंटिमीटर आत सरकवायचं. आठव्या रात्रीपर्यंत सत्तर सेंटिमीटरने खोली आवळते आणि मुलगा चालताना खांदा घासतो. जमिनीवर खडूने खुणा करू, फरशीवर ओरखडा पडू नये म्हणून पायांखाली घोंगडीचे तुकडे. बाबा, तुम्ही त्या कपाटाला हात लावायचा नाही, कंबर आठवा.

कपाटामुळेच चित्रीकरण कथेच्या क्रमाने करावं लागतं. एरवी कमी पैशात एका कोनातले सगळे शॉट एकदम उरकतात. इथे क्रम मोडला तर कपाट, चपला, दाढी, हातावरच्या जखमा, काहीच जुळणार नाही. पटकथा चाळीस पानांची, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा रात्रीला पाच पानं. एकाच खोलीत ते जमतं.

खोली नाशिकच्या थंडीत असणार आणि कथा उन्हाळ्यातली. पंखा फिरेल, नट बनियनवर असेल, तोंडातून वाफ दिसली तर शॉट फुकट. म्हणून शॉटच्या आधी हीटर लावून बंद करायचा. घाम म्हणजे ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं, फवाऱ्याने. नुसतं पाणी दोन मिनिटांत वाळतं. हातावरच्या खपल्यांना लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपरचे तीन पातळ थर. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून चोवीस तास बघायचं, कारण लेटेक्सची ॲलर्जी असणारे असतात. फेव्हिकॉलने काम भागवणारे महाभाग आहेत, सोलताना कातडी येते. रक्त दोनच दृश्यांत: दोनशे मिली लिक्विड ग्लुकोज, केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं, त्यात चाळीस मिली पाणी, चमचाभर खायचा लाल रंग आणि कोकोची चिमूट. कोको नसला की ते रूहअफ्जासारखं दिसतं. भिंतीवर उडणार नाही याची हमी देते, खायचा रंग डिस्टेंपरवरून निघत नाही. आणि आई, गोड असल्यामुळे मुंग्या येतात, म्हणून रात्रीच फरशी पुसून घेऊ.

भुकटीच्या जागी ग्लुकोज पावडर. तीही कुणी नाकात ओढत नाही. नळीला आतून व्हॅसलीन लावलं की पावडर तिथेच चिकटते. घरात सुई, खरी गोळी, खरी पुडी यातलं काही येणार नाही. पुड्यांवर ‘चित्रीकरणाचे साहित्य’ अशी चिठ्ठी आणि सगळ्याचा एकच डबा, कुलपातला. कुणी विचारलंच तर डबा पटकथेसोबत दाखवता येतो.

प्रकाशाचं थोडक्यात सांगते. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० ठेवलं तर चालतं, १/६० केलं की चित्रावर पट्टे सरकतात. सुरुवातीला छतावरची पांढरी ट्यूब, मग एकेक दिवा काढत शेवटी एकच चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब डिमरवर, कारण साध्या एलईडीला डिमर लावला की तो फडफडतो. खोली मंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. तोंडावर झोत टाकला की बाहुल्या बारीक होतात आणि एमडी घेतलेल्याच्या त्या मोठ्या असतात.

खरा जीव आवाजात आहे. हौशी सिनेमा चित्रामुळे पडत नाही, आवाजामुळे पडतो. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, न ऐकू येणारं वाक्य नाही. सिडकोत रात्री महामार्गावरचे ट्रक ऐकू येतात, म्हणून खिडक्यांवर आतून दोन-दोन गोधड्या. फ्रिज बंद करावा लागेल. तो पुन्हा चालू करायला सगळे हमखास विसरतात, त्यावर जुनी युक्ती म्हणजे गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी जायला किल्ली काढताना फ्रिज आठवतो. रोज एक मिनिट सगळ्यांनी श्वास रोखल्यासारखं उभं राहून रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा, तो संकलनात वाक्यांमधल्या फटी बुजवायला लागतो. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची घुंई शंभर हर्ट्झची असते. ती वेगळी रेकॉर्ड करून शेवटच्या आठ मिनिटांत सहा डेसिबलने चढवायची, इतकी सावकाश की चढतेय हे कळू नये, आणि मग एकदम तोडायची. त्या शांततेत पाल चुकचुकते. सिनेमाभर पालीचा आवाज तीनच वेळा आहे आणि पाल एकदाही दिसत नाही. संगीत नाही, त्याचे पैसे वाचले.

पैशाचं म्हणाल तर एकूण एक लाख नव्वद हजार. कॅमेरा आणि दोन लेन्स रोज साडेतीन हजार, म्हणजे अठ्ठावीस. आवाजवाला रोज चार हजार, बत्तीस. दिवे बारा, नटांना चाळीस, संकलन आणि आवाजाची जुळणी पस्तीस, सामान-प्रवास पंधरा. चित्रीकरण रोज दोन तासांचं धरलं तर सुमारे नव्वद जीबी, आठ रात्रींचं सातशे वीस, म्हणून एक-एक टीबीच्या दोन डिस्क, दहा हजार. दोन्हींवर तेच, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या घरी. उरले अठरा हजार जेवणाचे, नऊ माणसं, माणशी अडीचशे. यात काटछाट करणाऱ्याचं युनिट पाचव्या रात्री पळतं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, वर कच्च्या फिल्मला भोकंही पाडली. आई, तू हे मनावर घेऊ नकोस. डबे बाहेरून येतील.

नटाला खरोखर जागवणार नाही. जागा ठेवला की छान दिसतो असं मानणारे दिग्दर्शक आहेत. तो तिसऱ्या रात्री वाक्यं विसरतो आणि चौथ्या रात्री भांडतो. जागरण दाखवायला उत्तर अर्धा सेकंद उशिरा देणं, शर्टाचं बटण एक घर चुकवणं, भरलेला पेला उचलून न पिता ठेवणं, एवढं पुरतं. काम संध्याकाळी सात ते पहाटे तीन, मग तो सरळ झोपायला. जड दृश्यानंतर पंधरा मिनिटं कॅमेरा बंद, गरम काहीतरी प्यायला, आणि त्याच्याशी त्याच्या खऱ्या नावाने बोलायचं.

शेजाऱ्यांना आदल्या रविवारी मी स्वतः भेटेन. किंचाळण्याची दृश्यं दोन आहेत, दोन्ही रात्री दहाच्या आत उरकू. रस्त्यावर एकही शॉट नाही, तरी तारखा लिहून पोलीस ठाण्यात एक पत्र देऊन ठेवू. सिनेमाच्या शेवटी काळ्या पडद्यावर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक येईल, सहा सेकंद, लिहून घेता येईल इतका. मुलगा बरा झाला की नाही ते दाखवत नाही. अशा माणसांपैकी बरेच जण नशा थांबल्यावर आणि झोप मिळाल्यावर काही दिवसांत भानावर येतात, काहींचा संशय महिनोन् महिने राहतो. चाळीस मिनिटांत त्यातलं एक निवडणं म्हणजे खोटं बोलणं, असं माझं मत आहे.

बाबा, तुमच्याकडे एक काम. मीटरच्या बोर्डावर मागच्या खोलीचा जो एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, आहे त्यावरचा आकडा वाचून कळवा. सहा अँपिअर असेल तर तेराशे-चौदाशे वॅटच मिळतात. दिवे सगळे मिळून तीनशेच्या आसपास, ते चालतील. पण हीटर दोन हजारांचा आणि चहाची किटली दीड हजारांची. मग हीटर स्वयंपाकघरातल्या सोळाच्या सॉकेटवरून जाड वायरने आणावा लागेल, आणि तो चालू असेपर्यंत किटली लावायची नाही. चहा गॅसवर.

तुमची,
मनू